अंगणातली कॅम्परव्हॅन चवथीला पाहुण्यांची खोली म्हणून चालेल का?

तिरफळ, १८ मे २०२५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे. आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं पोटात घाला.

आमचं घर फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला. जुनं चिरेबंदी, मधे राजांगण, मागे कुळागर (पोफळी-माडांची बाग). एरवी राहणारे चौघं: मी, बायको, आई आणि आठवीतला मुलगा. पण मूळ घर आमचं, गणपती आमच्याकडे, त्यामुळे चवथीला वास्को, मडगाव, बेळगाव, पुणे सगळीकडची माणसं उतरतात. गेल्या वर्षी डोकी मोजली, सत्तावीस भरली. खोल्या तीन, न्हाणी एक, संडास दोन आणि त्यातला एक परसात. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस कुणाच्या तरी पोटावर पाय दिल्याशिवाय परत येत नाही.

आता मुद्दा. पुण्याच्या धाकट्या काकांनी २०१६ साली ट्रॅव्हलरवर (मिनीबसच्या चॅसीवर) कॅम्परव्हॅन बांधून घेतली होती. राजस्थान, हंपी, पार स्पितीपर्यंत फिरवली. आता गुडघे साथ देत नाहीत. काका म्हणाले, तुझ्याकडे जागा आहे, घेऊन जा. एप्रिलमध्ये चोर्ल्याच्या घाटातून आणली, तेव्हापासून अंगणाच्या कडेला दोन माडांमध्ये उभी आहे. आत एक मोठा पलंग, समोरासमोर दोन बाकं (जोडली की दुसरा पलंग), छोटा ओटा, उचलून रिकाम्या करायच्या टाकीचा संडास, तिथेच शॉवर, १०० लिटरची पाण्याची टाकी, टपावर एसी. फिरायला वेळ आहे कुणाला? मनात आलं, चवथीपुरती हीच पाहुण्यांची खोली केली तर?

वीज घरातून कशी घ्यावी, सांडपाणी कुठे सोडावं, पावसाळ्यात गाडी टिकेल का, पंचायत काही म्हणेल का, हे माझे प्रश्न. बायकोचा प्रश्न एकच: "पाहुण्याला गाडीत निजवतात का? लोक काय म्हणतील?"

(यंदा चवथ २७ ऑगस्टला. हाताशी तीन महिने आहेत.)

भिंडाचीकढी, १८ मे

पहिली मी! फोटो टाका. फोटोशिवाय धागा म्हणजे माटोळीशिवाय गणपती.

पाडेली_हवा, १९ मे

वीज-पाणी राहू दे बाजूला. "दोन माडांमध्ये उभी आहे" हे वाचून पोटात गोळा आला. पंधरा-वीस मीटरवरून नारळ टपावर पडला तर टप फुटेल, एसी फुटेल, आणि आत जावई झोपला असेल तर पुढचं तुम्हीच बघा. सुकलेला चुडत पडला तरी काच जाते. आजच्या आज गाडी हलवा. हलवणं जमतच नसेल तर पाहुणे यायच्या आधी पाडेल्याला बोलवून नारळ, शेंडे, वाळकी झावळं सगळं उतरवून घ्या. पण तो चवथीच्या आठवड्यात मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवा.

फणसाखालीही नको. आंब्याखाली चालेल असं वाटत असेल तर तांबड्या मुंग्यांचा अनुभव घ्या आणि मग बोला.

तिरफळ, १९ मे

@पाडेली_हवा, हे खरंच सुचलं नव्हतं. सावली म्हणून लावली होती. उद्या हलवतो.

निवृत्त_वायरमन, १९ मे

मी पस्तीस वर्षं वायरिंगची कामं केली. थोडं लांबवतो.

बहुतेक लोक ओसरीवरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन बोर्ड ओढतात आणि वायर फुलझाडांतून नेऊन खिडकीतून आत टाकतात. हे कृपा करून करू नका. स्वस्तातली वायर एक चौरस मिलिमीटरची असते. पंचवीस मीटर लांबीवर तिच्यातून १६ अँपिअर ओढलेत तर १४-१५ व्होल्ट वाटेतच जातात, आणि ते जातात ते वायर तापवत जातात. बोर्डावरून थेट वेगळी लाइन काढा: चार चौरस मिलिमीटरची तीन तारांची आर्मर्ड केबल, जमिनीखालून, वर विटा किंवा चिऱ्याचे तुकडे. बोर्डापाशी १६ अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच). गाडीच्या अंगाला पावसाळी झाकणाचा औद्योगिक सॉकेट.

मुख्य गोष्ट अर्थिंग. गाडी रबरी टायरांवर उभी, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. आत कुठे वायरीचं आवरण उंदराने कुरतडलं की सगळा पत्रा जिवंत होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण करंटला जायला वाट नसते. मग ओल्या अंगणात अनवाणी उभा असलेला माणूस दाराच्या मुठीला हात लावतो, आणि वाट मिळते. म्हणून चॅसी आणि बॉडी दोन्ही अर्थच्या तारेला पक्क्या जोडा, आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. आपल्याकडे जमीन जांभ्याची. मे महिन्यात ती ठणठणीत कोरडी होते आणि अर्थिंग कमजोर पडतं. घराचा जुना अर्थपिट किती वर्षांत उघडलेला नाही ते आधी बघा. बहुतेकांच्या पिटवर तुळस उगवलेली असते.

लोडचा हिशेब: २३० व्होल्ट गुणिले १६ अँपिअर म्हणजे साधारण ३६०० वॅट. एक टनी एसी हजार-बाराशे खातो. झटपट गीझर ३००० वॅटचा, तो एसीबरोबर लावलात की एमसीबी पडणार. किटली दीड हजार. म्हणजे गीझर बसवायचाच तर छोटा, साठवणीचा घ्या. नाहीतर चवथीला न्हाणीतलं भाण पेटलेलं असतंच, बादली भरून नेली की काम झालं.

भिंडाचीकढी, १९ मे

वायरमनमामा, हा प्रतिसाद छापून भिंतीला लावणार आहे. आमच्या पिटवर तुळसच आहे.

न्यूजर्सीचा_नारळ, १९ मे

मी मूळचा म्हापशाचा, आता इकडे. इथे याला आरव्ही म्हणतात, आणि सासूसासरे आले की घरासमोर आरव्ही लावून त्यात राहणं सर्रास चालतं. (कोण कोणाला कंटाळून ही सोय निघाली ते विचारू नका.) अर्थात अनेक वसाहतींच्या नियमांत दारात आरव्ही उभी करायलाच बंदी असते, आणि बऱ्याच गावांत उभ्या गाडीत किती दिवस राहायचं यावर मर्यादा असते.

वायरमनकाकांच्या आकड्यावरून गंमत वाटली. इथला साधा आरव्ही सॉकेट ३० अँपिअरचा, पण १२० व्होल्टचा, म्हणजे बरोबर ३६०० वॅट. तुमचा १६ अँपिअरचा आणि इथला ३० चा, ताकद सारखीच! इथे मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरचा दुहेरी सॉकेट लागतो, तो १२,००० वॅटपर्यंत जातो. हे सांगायचं कारण, यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघून कुणी तिकडचे १२० व्होल्टचे पंखे-फ्रीज मागवू नका. लावल्या क्षणी धूर.

इथली एक चूक मात्र सगळीकडे होईल अशी आहे. गाडीखाली मैल्याची टाकी असेल आणि ती गटाराच्या पाइपला कायमची जोडली, तर लोक झडप उघडीच ठेवतात. पाणी वाहून जातं, घट्ट ऐवज टाकीत राहतो, आणि त्याचा डोंगर होतो. तो काढायला कुणी येत नाही. झडप बंद ठेवायची, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. तुमची उचलून न्यायची टाकी आहे, त्यामुळे तुम्ही वाचलात.

मोगरा_आणि_मासे, १९ मे

जेवता जेवता वाचत होते. धन्यवाद.

पंपहाऊस, २० मे

तिरफळभाऊ, ही उचलायची टाकी साधारण १८-२० लिटरची असते. दोघांना दोन-तीन दिवस जाते. चार माणसं आणि त्यात नवलाई म्हणून वापरणारी पोरं असतील तर एका दिवसात भरते. भरलेली टाकी म्हणजे वीस किलो, आणि ती अंगणातून, आलेल्यागेलेल्यांसमोरून न्यायची. नियम करा: गाडीतला संडास फक्त रात्रीसाठी.

टाकी सेप्टिक टँकच्या झाकणातून ओतलीत तर चालेल, पण टाकीत घालायचं रसायन बघून घ्या. फॉर्मल्डिहाइडचं असेल तर सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतू मरतात, मग चवथीनंतर घरभर वास. फिनेलचंही तेच.

कायमचा पाइप जोडायचा असेल तर चार इंची, दर ४० फुटांना एक फूट उतार, आणि गाडीपाशी पाण्याचा सापळा (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं पाइपचं वळण) हवाच. सोकपिट (शोषखड्डा) विहिरीपासून १८ मीटर तरी लांब पाहिजे. जांभा भोकाभोकांचा दगड, वरचं पाणी खाली फार गाळून जात नाही. एक जादा संडास जोडताना आपलीच बांय नासवू नका. बेसिन-शॉवरचं साबणाचं पाणी मात्र सरळ केळीच्या आळ्यात सोडा, केळ खूश होते.

गाडीच्या टाकीतलं जुनं पाणी काढून ब्लीचिंगच्या पाण्याने एकदा धुवून घ्या. घाटावरून आणलेल्या पाण्यात आतापर्यंत शेवाळाने संसार थाटला असेल.

आडपडदा, २० मे

सगळे अभियंते जमलेत. कुणी हे सांगेल का, की या पैशांत एक खोली आणि संडास बांधला असता तर?

एकचौदा, २० मे

@आडपडदा, बांधा की! वडिलोपार्जित घर, फॉर्म एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) किती नावं आहेत ते धागाकर्त्यांना विचारा. आमच्यावर एकोणीस आहेत, त्यातली चार माणसं हयात नाहीत आणि दोन पोर्तुगालला. सगळ्यांच्या ना-हरकत सह्या होईपर्यंत माझा मुलगा निवृत्त होईल. गाडीला चाकं आहेत, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

पण ती चाकं खरी ठेवा. गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते. उभी गाडी ही गाडीच. तुम्ही चाकं काढून ती चिऱ्यांच्या जोत्यावर बसवलीत, वर पत्र्याची पक्की शेड घातलीत, पुढे पायऱ्या बांधल्यात, की शेजारच्याला अर्ज करायला विषय मिळतो. शेड घालायची झाली तर आधी पंचायत सचिवाला विचारा. गाडी चालू स्थितीत, टायरात हवा, वर्षातून दोनदा तरी हललेली असू द्या.

गाडीच्या कागदांचं: एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये आणलीत, तर पुढच्या एप्रिलपर्यंत मुदत आहे. २०१६ ची खासगी नोंदणी असेल तर पंधरा वर्षं, म्हणजे २०३१ पर्यंत चालेल. विमा सोडू नका, गाडी फाटकाबाहेर गेली की तो लागतोच. आणि काकांनी बॉडी बांधताना आरटीओकडून आरसीवर तशी नोंद करून घेतली होती ना? नुसता ट्रॅव्हलर घेऊन आत सुताराकडून पलंग ठोकला असेल तर तो कायद्याने गाडीतला बदल ठरतो.

तिरफळ, २० मे

@एकचौदा, आरसीवर मोटर कॅराव्हॅन अशीच नोंद आहे. काका त्या बाबतीत बँकवाले. एक-चौदावर आमची चौदा नावं आहेत, म्हणून विषयच काढला नाही.

सुसेगाद_पण_नाही, २० मे

एवढा खर्च करताय तर बाकीचे अकरा महिने पर्यटकांना भाड्याने द्या ना. "कुळागरात कॅराव्हॅनचा मुक्काम", पैसा वसूल.

एकचौदा, २० मे

भाडं घेतलं की गोष्ट बदलते. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली खात्याकडे नोंदणी आली. परदेशी माणूस राहिला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची. घरची वीज व्यवसायाला वापरली म्हणून वेगळी कटकट. धागाकर्ते फक्त आपली माणसं म्हणतायत, तसंच राहू द्या.

भिंडाचीकढी, २० मे

अवांतर: गाडीत झोपलेला मेहुणा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, ज्याला कायद्याने हलवता येत नाही) झाला तर? १९७५ चा कायदा आहे म्हणे.

एकचौदा, २० मे

हाहा. त्या कायद्याला घर आणि कायमची वस्ती लागते. चार रात्री घोरलेल्या मेहुण्याला काही मिळत नाही.

रानजाई, २१ मे

आता मी बायकोच्या प्रश्नाकडे येते, कारण तुम्ही सगळ्यांनी तो शिताफीने टाळलाय.

वहिनींची शंका बरोबर आहे. आपल्याकडे पाहुण्याचा मान जागेवरून ठरतो. कुणाला माजघर, कुणाला ओसरी, कुणाला वरची खोली, हे न बोलता ठरलेलं असतं आणि चाळीस वर्षं लक्षात ठेवलं जातं. माझ्या मावशीला एकदा भाताच्या कोठाराशेजारी गादी घातली होती. ती माणसं गेली, घर पडलं, मावशी अजून सांगते. गाडीचंही तसंच होईल. "जागा नव्हती म्हणून आम्हाला बाहेर टाकलं", की "आमच्यासाठी वेगळी सोय केली", हे गादी घालण्याआधी ठरतं. म्हणून कुणालाही आयत्या वेळी "तुम्ही जरा गाडीत जाता का" असं म्हणू नका. महिनाभर आधी फोन करून विचारा. आणि पहिल्या रात्री तुम्ही दोघं झोपा. घरच्या माणसांनी वापरलेली जागा कमीपणाची राहत नाही.

दुसरं, जी वस्तू आतल्या खोलीत देता ती सगळी तिथे द्या. पाण्याचा तांब्या, टॉवेल, कपडे अडकवायला खुंटी, आरसा, देवाचा छोटा फोटोसुद्धा. उशी जुनी देऊ नका.

पायरी! ट्रॅव्हलरची पायरी जमिनीपासून चांगली उंच असते. साठीपुढच्या बाईला साडी सावरत, अंधारात, पावसात चढायचंय. रुंद पायरी आणि धरायला दांडा करा.

कट्टर_फोंडेकर, २१ मे

चांगली कल्पना. चवथीत घरातल्या ज्या बायकांना बाजूला बसावं लागतं त्यांचीही परस्पर सोय होईल.

रानजाई, २१ मे

वाटच बघत होते, हे कुणाच्या तरी डोक्यात येणार म्हणून. काका, गाडी पाहुण्यांसाठी आहे.

तिरफळ, २१ मे

आमच्या घरी ते आजीबरोबर संपलं. पुढे जाऊ या. रानजाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "या बाईंना चवथीला बोलव."

चिखलकाला, २१ मे

पावसाबद्दल कुणीच बोललं नाही? पणजीलाच वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, तुमच्याकडे त्याहून जास्त. पुण्यात नऊ वर्षं न गळलेली गाडी इथे नवव्या दिवशी गळेल. टपावर जिथे जिथे भोक आहे, एसीभोवती, हवेच्या झडपेभोवती, पत्र्याच्या सांध्यांवर, तिथलं जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, लोक वरून थापतात आणि फसतात. खाली ब्यूटिलची पट्टी, वर सीलंट, मग होजपाइपने अर्धा तास पाणी मारून आत बॅटरी घेऊन बघा.

निळं प्लास्टिक थेट अंगावर घालू नका. खाली हवा खेळली नाही की आत दमट राहून प्लाय फुगतो, गादीला बुरशी येते. आतला प्लाय मरीन दर्जाचा असेल तर नशीब, नाहीतर ओट्याचे कडे आधी जातात. कपाटांची दारं उघडी, गाद्या उभ्या, आणि जून ते ऑगस्ट रोज तासभर एसी ड्राय मोडवर. वीजबिल येईल, पण नव्या गाद्यांपेक्षा कमी.

चाकांखाली चिरे बसवून पट्ट्या करा. जुलैत आपली तांबडी माती लोण्यासारखी होते, गाडी एका कुशीवर झोपेल. मग सांडपाणी उलटं वाहतं आणि पलंगावरचा माणूस रात्रभर भिंतीकडे घसरतो. टायरांवरचा भार कमी करायला चॅसीखाली जॅक-स्टँड लावा.

तिरफळ, २१ मे

सीलंटचं काम १ जूनला धरलंय. फोंड्यातला माणूस येणार आहे.

तिरफळ, २७ मे

कसला १ जून! यंदा पाऊस २४ मेलाच केरळात पोचला आणि लगोलग आमच्या डोक्यावर. गाडी माडांखालून हलवली होती एवढंच. काल सकाळी आत गेलो तर पलंगाच्या बरोबर मधे तळं. एसीच्या चौकटीतून धार. गादी गेली. चिखलकाला, तुमचे नऊ दिवस मला मिळालेच नाहीत.

चिखलकाला, २७ मे

वाईट वाटलं. पण ऑगस्टमध्ये भावजींच्या पोटावर धार पडण्यापेक्षा हे बरं.

मोगरा_आणि_मासे, २७ मे

गादी फुगली की काय केलं? आमच्या सोफ्याचं असंच झालंय.

तिरफळ, २८ मे

फेकली. फोम आतून वाळतच नाही. आता कापसाची घालणार, उन्हात टाकता तरी येते. ऊन दिसलं तर.

आठवा_मैल, १२ जुलै

धागा वर काढतोय. एक गोष्ट सुटलीय आणि ती जिवाशी आहे. लाइट गेली तर एसीसाठी जनरेटर लावायचा विचार असेल, किंवा रात्रभर गाडीचं इंजिन चालू ठेवायचा, तर मुळीच करू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघं मृत सापडले. तपासात निघालं ते जनरेटरच्या धुरातलं कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. अलार्म मिळतो, तो आत लावाच. लाइट गेली की खिडक्या उघडा, जाळ्या लावा, बॅटरीवरचा पंखा फिरवा.

आणि आत गॅस नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर साचतो, आणि पलंग फरशीपासून दोन फुटांवर. चहा घरातून न्या.

तिरफळ, १३ जुलै

धन्यवाद. काकांची पाच किलोची टाकी होती, ती काढून रेग्युलेटरसकट घरात आणली. अलार्म मागवला. जनरेटरचा विचार होता हे कबूल करतो.

सध्याची स्थिती: केबल, आरसीसीबी, अर्थपिट झालं. (पिटवर तुळस नव्हती, अबोली होती.) टप गळत नाही. चाकांखाली चिरे. साबणाचं पाणी केळीला. मण्यार आत शिरू नये म्हणून खालची सगळी भोकं जाळीने बंद. आम्ही दोघं एक रात्र झोपून आलो. बायकोचा अभिप्राय: "आवाज येत नाही ना आतपर्यंत, छान झोप लागली." आवाज म्हणजे आईचा रेडिओ.

भिंडाचीकढी, १३ जुलै

फोटो!!!

तिरफळ, ४ सप्टेंबर २०२५

चवथ झाली, पाच दिवसांचा गणपती गेला, घर रिकामं झालं. वृत्तान्त द्यायचं कबूल केलं होतं.

आमचा बेत असा होता की चुलतभावाचं मेमध्ये लग्न झालंय, तर नव्या जोडप्याला गाडी द्यायची. रानजाईंच्या सांगण्याप्रमाणे महिनाभर आधी विचारलं, दोघं हो म्हणाली. पण हरितालिकेच्या रात्री सगळी पोरंटोरं गाडीभोवती जमून अशी खिदळायला लागली की नवी सून लाजून आत बायकांच्या ओळीत येऊन झोपली, आणि भाऊ ओसरीवर. गाडी रिकामी. पोरांनी ताबा घेतला. पंपहाऊस, तुमचा शब्द खरा ठरला: चतुर्थीच्या दुपारपर्यंत टाकी भरली. मी ती दोन्ही हातांत धरून परसाकडे निघालो आणि समोरून घुमट-शामेळ घेऊन आरतीची मंडळी आत येत होती. एकाने वाकून नमस्कार केला, प्रसादाचं काही आहे असं वाटून. यापुढे मी यावर काही लिहिणार नाही.

त्या संध्याकाळी वास्कोच्या आत्याने (वय ७१) विचारलं, "त्या गाडीत कोण निजतंय?" मी गडबडीने सांगितलं, कुणी नाही, तुझी गादी आत माजघरात आईशेजारी घातलीय. तिला बाहेर पाठवायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं, मोठ्या आत्याला गाडीत टाकलं म्हणून बेळगावपर्यंत बातमी गेली असती. ती काही बोलली नाही. पिशवी उचलली, छत्री घेतली, चिऱ्याच्या पायऱ्यांवरून दांडा धरून चढली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला उठली. आमच्या घरी चवथीत साडेआठला उठलेली बाई कुणी पाहिलेली नाही. आई म्हणाली, बरं नाही का? आत्या म्हणाली, "लग्न होऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली. माहेरी येऊन आतून कडी लावून निजले ती आज पहिल्यांदा. पाचला उठवून नेवऱ्या लाटायला कोणी बसवलं नाही." मग नेहमीसारखी पातोळ्यांना हळदीची पानं पुसायला बसली, पण दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा गाडीत. किल्ली तिने शेवटपर्यंत परत दिली नाही. पाचव्या दिवशी विसर्जनाहून आल्यावर मीच मागितली. पुढच्या वर्षीसाठी तिने आतच एक जुनी शाल ठेवून दिलीय.

बाकी: लाइट दोनदा गेली, पंख्यावर निभावलं. एसीचं पाणी पायरीवर ठिबकत होतं, त्याला नळी लावून केळीकडे वळवलं. तांबड्या मुंग्या एकदाच आल्या, केबलवरून चालत. केबलला ग्रीसचा पट्टा दिला, थांबल्या.

रानजाई, ४ सप्टेंबर

आत्यांना माझा नमस्कार. खुंटी आणि आरसा लावला होतात ना?

तिरफळ, ४ सप्टेंबर

लावला होता. आरशावर आता तिची टिकली आहे, काढायची हिंमत नाही.

निवृत्त_वायरमन, ५ सप्टेंबर

आरसीसीबीचं बटण दाबलंत का या महिन्यात?

तिरफळ, ५ सप्टेंबर

दाबलं मामा. पडला. पुन्हा चढवला.

आता एक काम: मागचा डावा टायर हळूहळू बसतोय आणि गाडी चिऱ्यांच्या पट्टीवरून पुढे घेतल्याशिवाय चाक निघत नाही. दोन टनांचे जॅक-स्टँड चार हवेत, दोन-तीन दिवसांपुरते. फोंडा, माशेल, खांडोळा बाजूला कुणाकडे आहेत का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. परत नेऊन द्यायची जबाबदारी माझी.